मामाने न केलेलं काम

सुगी आली की माझं डोकं फिरतं. फोनवर पिवळ्या शेतांचे फोटो येऊ लागतात आणि कुणीतरी हमखास लिहितं, तुमच्या जोयड्याकडे आता काय सुंदर असेल ना. असतं. डोंगराच्या कुशीतली खाचरं पिकून वाकलेली असतात, सकाळी धुकं खाली उतरतं, कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास रस्त्यापर्यंत येतो. ज्यांना तो हवा असेल त्यांनी खुशाल घ्यावा. मला तो नकोसा होतो. हे मी कुणाला सांगत नाही, कारण मग लोक विचारतात, का.

यंदा तो रामनगरच्या स्टँडवरच आला. गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा धूर, भज्यांच्या तेलाचा वास, आणि त्या सगळ्याच्या खालून हा. कुंभारवाड्याच्या गाडीला अजून तासभर होता. मांडीवर पिशवी घेऊन मी बसले होते आणि पिशवीत आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांचं पत्र होतं. सुगीत इकडे फिरकायचं नाही असं मी दरवर्षी ठरवते. यंदा सरांनी पाठवलं म्हणून निमित्त मिळालं. ते नसतं तर दुसरं शोधलं असतं, हेही खरं.

मी काम करते त्या प्रयोगशाळेत आम्ही वस्तू हलक्या करतो. एवढंच. पंखातून मूठभर वजन कमी झालं तर आमच्याकडे पेढे वाटतात. आमचं विमान माणसं बसायचं नव्हे. दोघांनी उचलून न्यावं एवढं, बिनचालकाचं. पुरात रस्ता तुटला तर पलीकडे औषधं पोचवावीत, वणवा लागला तर वरून बघावा, असल्या कामांचं. त्याच्या पंखात माशाच्या काट्यांसारख्या आडव्या बरगड्या असतात. त्या बाहेरून मागवलेल्या महागड्या काळ्या कार्बन धाग्याऐवजी बांबूच्या करता येतील का, हा माझा संशोधनाचा विषय. बांबू हलका असतो, ताठ असतो, आणि मोडायच्या आधी वाकून सांगतो. कागदावर सगळं जमत होतं. ताकद तपासायच्या यंत्राच्या जबड्यात मात्र आमच्या पट्ट्या एकामागून एक तडकन मोडत होत्या, कारण आम्ही त्या करवतीने कापत होतो, आणि करवत बांबूचे उभे धागे मध्येच तोडून टाकते.

काही वर्षांपूर्वी एकदा सगळे असेच माना खाली घालून बसले असताना मी म्हणाले, माझ्या मामाला हे येतं. तो कापत नाही, फाडतो. हे सांगताना माझ्या आवाजात जो डौल होता तो मला अजून ऐकू येतो, आणि स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मामाला मी इथे सोमामामा म्हणते. खरं नाव ते नव्हे. एकदा खरं नाव छापून झालं आहे, तेवढं पुरे झालं.

त्या वर्षीची सुगी मी आख्खी मामाकडे काढली. कुंभारवाड्याहून पुढे जंगलातून पाऊण तास चालत गेलं की आठ घरांची वाडी लागते. खळं शेणाने सारवून हिरवट दिसत होतं. मामी आणि शेजारच्या बाया भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत, दाणे उडून पायावर बसत, आणि कुसळं मानेतून पाठीत उतरून दिवसभर खाज आणत. मामा मात्र कडेला फणसाखाली पाय पसरून बांबू फाडत बसे. त्याला सुगीत मळणीला कुणी बोलवत नसे. त्याचं काम वेगळं होतं. वाडीतल्या आणि आसपासच्या प्रत्येक घराला सुगीत नवं सूप लागे ते मामाच्या हातचं. राशीतलं पहिलं भात त्या कोऱ्या सुपात घ्यायचं आणि मगच कणगीत टाकायचं, अशी चाल होती. भात साठवायच्या बांबूच्या कणग्याही त्याच्याच. मामाचं सूप पोचलं नाही तर रास खळ्यावर थांबून राही.

तो बांबू कसा फाडायचा ते मी पन्नास वेळा लिहून घेतलं आहे. कोयत्याने टोकाला एक चीर द्यायची आणि कोयता बाजूला ठेवायचा. पुढचं सगळं हातांनी. चीर बांबूच्या पोटातून चर्र चर्र करत पुढे धावे, आणि ती एका बाजूला पळू लागली की मामा जाड राहिलेली बाजू थोडी जास्त वाकवी. चीर गुपचूप मध्यावर येई. डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक त्याचं लहानपणीच कोयत्याखाली गेलेलं, त्या बोथट बोटाने तो चीर कुठे पोचली ते चाचपत असे. मी माझं जाडी मोजायचं यंत्र लावून बघत होते. हातभर लांब पट्टी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा जेमतेम हलत होता. मामाला त्या यंत्राचं हसू येई. त्याने ते एकदा हातात घेऊन स्वतःच्या बोटाची जाडी मोजली आणि मामीच्या बोटाचीही मोजली.

मी त्याला विचारलं होतं, चीर कुठे वळणार हे आधी कसं कळतं. तो म्हणाला, "त्येला जायाचं हाय तिकडं जाऊ द्यायचं बाय. आपुन निसतं धरून ऱ्हायाचं." हे वाक्य मी नंतर तीन व्याख्यानांत वापरलं आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्या.

फाडलेल्या पट्ट्या चुलीवरच्या माळ्यावर धुराला ठेवून, पुरत्या वाळवून मी घेऊन गेले. यंत्राच्या जबड्यात त्या वाकल्या, आणखी वाकल्या, आणि दाब काढला तशा सरळ झाल्या. सर खुर्चीतून उठले. त्या दिवशी मी आईला फोन करून रडले होते. आनंदाने, हे सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते. आमच्या धंद्यात एक शिस्त आहे, आणि ती चांगली आहे, असं मी अजूनही म्हणते. शोधनिबंध छापायचा तर माल कुठला, कुणी आणला, कधी आणला, त्यावर काय केलं, हे सगळं लिहायचं. म्हणजे जगात दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग करता येतो. सर म्हणाले, "स्थानिक कारागीर" एवढं लिही, पुरे. मी भांडले. आमच्या लोकांचं काम घ्यायचं आणि नाव गाळायचं, हे चालणार नाही असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. मी मामाचं पूर्ण नाव लिहिलं, वाडीचं नाव लिहिलं, बांबू ज्या उतारावरून तोडला तिथले अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत लिहिले. खाली फोटो दिला. मामाचा चेहरा नव्हता, फक्त हात. पट्टी धरलेले दोन हात, बोथट तर्जनीसकट.

सर बरोबर होते. त्यांची कारणं क्षुद्र होती, पण ते बरोबर होते, आणि याचा राग मला त्यांच्या कुठल्याही चुकीपेक्षा जास्त येतो.

निबंध कुणी वाचत नाही. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. गावाकडच्या एका वर्तमानपत्राला मीच फोटो पाठवला, मीच मजकूर सांगितला. जंगलातल्या बांबूचं विमान, असा मथळा आला. रामनगरच्या एका दुकानदाराने ते पान दाराला चिकटवलं. मामाला कुणीतरी ते नेऊन दाखवलं तेव्हा तो म्हणे बराच वेळ बघत राहिला आणि पान घडी करून टोपीत ठेवलं. तेवढे चार-पाच दिवस तो खूश होता. मामी सांगते, म्हणून मला माहीत.

आमचं जंगल राखीव आहे. तिथला पालाही उचलायचा नाही असा कायदा, आणि घरापुरता बांबू आणायची चाल कायद्याच्या पणजोबाच्या वेळची. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात, कारण बघणारा थोड्याशाकडे काणाडोळा करतो. पण छापलेलं न बघून चालत नाही. जागा दहा पावलांइतकीही न चुकवता, नाव, गाव, दिवस आणि हातांच्या फोटोसकट मी माझ्या मामाविरुद्धचा पुरावा स्वतः तयार करून जगासमोर मांडला होता. पोलिसांनासुद्धा इतका व्यवस्थित जमला नसता.

जंगल खात्याच्या लोकांनी मामाच्या घरून दोन भारे बांबू आणि कोयता नेला. मी धावत आले. जंगल खात्याचे साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, आणि वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, मला शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं. त्यांनी मामाला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, कागद वरून आलाय, मला काहीतरी उत्तर द्यावं लागणार. ह्यांनीच तोडला असं ठरलं तर खटला होईल, तारखा पडतील, वर्षं जातील. हा माणूस तो नव्हेच असं ठरलं तर फाईल आज बंद होईल. मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. सर लगेच म्हणाले, बांबू बाजारातून घेतला आणि नाव चुकून पडलं असं दुरुस्तीपत्र आपण छापू. त्यांनी त्यात एक क्षणही घालवला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही घालवला नाही.

आमच्याकडचा सरकारी कारभार कन्नडात, म्हणून जबानी कन्नडात मी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. मला बांबूचं काम येत नाही, मी कधी केलेलं नाही, या फोटोतले हात माझे नाहीत. खाली दोन पंचांच्या सह्या हव्या होत्या. वाडीचे गावकर, म्हणजे आमचे जुने प्रमुख, आणि मामाचा शेजारी, असे दोघे आले होते. दोघांच्या घरात त्या वेळी मामाच्या हातच्या कणग्या भाताने भरलेल्या होत्या.

मामा कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. त्याने कागद घेतला आणि बोट फिरवत सावकाश सगळा वाचला. मग मला विचारलं, "ह्ये हात माजे न्हाईत, असं लिवलंयस?"

मी म्हटलं, "व्हय मामा. तेवढं म्हटलं की सुटलास."

साहेबांनी नियमाप्रमाणे तेच तोंडी विचारलं. मामा उभा राहिला आणि पंचांकडे तोंड करून म्हणाला, "मला बांबूचं काम येत न्हाई." पंचांनी मान हलवली आणि सह्या केल्या. साहेबांनी कोयता परत दिला. परतीच्या वाटेवर मी सगळ्यांना कोकम सरबत पाजलं आणि फार बोलत होते, कारण माझा जीव भांड्यात पडला होता. मामाने ग्लास धरून ठेवला होता. तो प्यायला का ते मी पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, कागद होता, मिटला. मला असं का वाटलं, यावर मी किती वर्षं दात खात आले आहे. मी त्याच वाडीतली. आमच्याकडे पंचांसमोर उभं राहून बोललेला शब्द हा कागद नसतो. जमिनीची हद्द, पोरीचं लग्न, भावाभावांची वाटणी, सगळं अशाच उभ्याने बोललेल्या शब्दावर चालतं, आणि बोललेला माणूस तो शब्द आयुष्यभर पाळतो, चुकून बोललेला असला तरी. हे मी लहानपणापासून बघितलं आहे. शहरात बारा वर्षं राहिले, हलकं-जड मोजायला शिकले, आणि नेमकं हेच विसरले. सरांना हे ठाऊक नव्हतं, साहेबांनाही नव्हतं. त्या खोलीत ज्या चौघांना ठाऊक होतं त्यांतली मी एक, आणि लिहिणारी मीच.

पुढच्या सुगीत मामाकडे कुणी सूप मागायला आलं नाही, आणि त्याने केलं नाही. कुणी ठरवून केलेलं हे नव्हतं. ज्याला काम येत नाही त्याच्याकडे मागायचं कसं. माळ्यावरच्या उरल्यासुरल्या पट्ट्या मामीने चुलीत घातल्या. मामा दुसऱ्यांच्या खळ्यावर पेंढ्या आपटायला जाऊ लागला, बायांच्या बरोबरीने, साठीच्या वयात. मी एकदा विषय काढला तेव्हा मामीने भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता सुनावलं. "तुजं नाव मोटं जालं, बरं जालं. ह्यो मानूस सकाळी उटून हात कुटं ठेवू ते बघत बसतोय. त्येचं काय करू सांग." तिने भाकरी वाढली, आणि मी खाल्लीही.

तर यंदाचं पत्र. करवतीच्या पट्ट्यांवर नवनवे लेप लावून सरांनी तीन वर्षं काढली आणि दमट हवेत त्या सगळ्या सोलल्या. पहिलं विमान, मामाच्या बरगड्यांचं, अजून धडधाकट आहे. म्हणून सरांनी आता सगळी रीतसर परवानगी काढली. बांबू सरकारी, शिक्क्याचा, मामाने तो फक्त फाडून द्यायचा. मामाचं नाव नव्या निबंधात पहिलं, माझ्याही आधी. "तुझंच म्हणणं मान्य केलं बघ," असं ते हसून म्हणाले. त्या हसण्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी पत्र घेतलं. कारण मला आशा होती.

मी वाडीत पोचले तेव्हा मामा खळ्यावर होता. निळं प्लास्टिकचं सूप घेऊन तो पाखडत होता. रामनगरच्या बाजारात असली सुपं ढिगाने मिळतात. फोलपटं उडून त्याच्याच तोंडावर येत होती. मी पत्र वाचून दाखवलं, सगळा अर्थ सांगितला. म्हटलं, आता भ्यायचं कारण नाही. पंचांना बोलवू, त्यांच्यासमोर मी उभी राहून सांगते की ते खोटं मी लिहिलं होतं, मामाला सगळं येतं.

त्याने सूप खाली ठेवलं. "आनि त्या दोघांचं काय करशील?"

मला लगेच कळलं नाही.

"त्येनी सही घातलीया, ह्येला येत न्हाई म्हनून. माज्यासाटनं घातली. आता मला येतंय म्हटलं की खोटं कोन ठरलं? म्हाताऱ्या गावकरास्नी मी खोटं पाडू व्हय?"

मी बोलत राहिले. गावकरांना समजावू, साहेब बदलून गेलेत, कोण विचारतंय आता, वगैरे वगैरे. माझं मलाच ऐकवेना. मामा रागावला असता तर मी पाया पडले असते; तो ऐकून घेत होता, मध्ये मध्ये मानही हलवत होता. शेवटी मी पत्र घडी करून पिशवीत टाकलं. कुठल्याही यंत्रात घालून मोजता येणार नाही असं वजन मी या माणसाच्या अंगावर टाकलं होतं, आणि हलकं करण्याची पदवी माझ्याकडे होती.

मी खरं छापायचं म्हटलं तर पंच खोटे ठरतात, आणि गप्प बसले तर मामा बिनकामाचा ठरतो. दोन्हीकडून मी सुखरूप आहे. माझ्या नावापुढे डॉक्टर लागलं आहे, ते कुणी काढून घेत नाही.

दुपारच्या गाडीसाठी तो मला सोडायला आला. पाऊण तास आम्ही चाललो आणि तो उंदरांविषयी बोलत होता, यंदा फार झालेत म्हणून. रस्त्याला लागल्यावर गाडीची वाट बघत उभे राहिलो. मग त्याने एकदम विचारलं, "बाय, ते इमान उडालं व्हय मागनं?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं.

"उडालं मामा. चांगलं तासभर उडालं," मी म्हटलं आणि घाईघाईने फोन काढला. त्यात ते आहे, मी ते कधी पुसलं नाही. सकाळच्या उन्हात विमान वर चढतं, पातळ पांढऱ्या कापडातून उजेड आरपार येतो आणि पंखातली एक एक बरगडी मोजता येते. मी ते सुरू करून त्याच्यापुढे धरलं.

त्याने फोन हातात घेतला नाही. हात पाठीमागेच होते.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माजं काय न्हाई त्येच्यात."

टोचून बोलला असता तर मी सोसलं असतं. पण तो मला समजावून सांगत होता, मी एखादी साधी गोष्ट विसरले असावे तसं.